कोर्टाची पायरी – १४ : एक रात्र, दोन खटले

जामीनदार कोणाला राहता येतं, हे या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. गडहिंग्लजहून एका ताईंचं पत्र आलं आहे आणि त्यांच्या मुलाची तारीख जवळ आहे. शिवाय त्यांचा प्रश्न असा आहे की बंगळूरजवळच्या आनेकलच्या कोर्टात तो मला सतत भेटतो, आणि दर वेळी घरच्यांनी आधीच ठरवून आणलेलं उत्तर चुकीचं असतं.

मुलगा बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये कामाला आहे. शनिवारी रात्री मित्राच्या निरोपाची पार्टी झाली. तिथून मोटारसायकलवर खोलीकडे निघाला आणि होसूर रोडवर नाकाबंदीत अडवला गेला. यंत्रात फुंकल्यावर आकडा आला ४८. पोलिसाने गाडीची किल्ली काढून घेतली, याने किल्लीसाठी त्याचा हात धरला, ओढाताण झाली आणि पोलिसाचं कोपर बॅरिकेडवर खरचटलं. आता दोन प्रकरणं आहेत. ट्रॅफिक पोलिसांनी दारू पिऊन गाडी चालवल्याचं केलं आहे, आणि दुसऱ्या ठाण्यात सरकारी नोकरावर हात टाकल्याचा एफआयआर आहे. ताई लिहितात, ‘आमचे एक पाहुणे म्हणतात, दारूचा गुन्हा पहिल्या तारखेलाच कबूल करून दंड भरून टाका आणि मारहाणीच्या केसमध्ये सांगा की पोर शुद्धीवर नव्हतं. वकीलसाहेब, हे बरोबर आहे का?’

नाही, ताई. यातला पहिला सल्ला घाईचा आहे आणि दुसरा सरळ घातक आहे.

घाईचा का, ते आधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल आढळलं की गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. सप्टेंबर २०१९ च्या आधी हा दंड २,००० होता. ‘दंड भरला, सुटलो’ ही समजूत त्या काळातली आहे. हेल्मेट नसल्याचा दंड जागेवर भरून मिटतो, तसं हे प्रकरण मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं. आणि तिथे गुन्हा शाबीत झाला, म्हणजे कबूल केला तरीही, कलम २० प्रमाणे कोर्टाने किमान सहा महिने लायसन्स बंद करायचं असतं. दंडाची रक्कम सगळे विचारतात, पण या सहा महिन्यांबद्दल कोणी विचारत नाही. तिसऱ्या पाळीला मोटारसायकलवर जाणाऱ्या माणसाला सहा महिने हे दहा हजारांपेक्षा जड जातात.

त्याहून मोठी गोष्ट अशी की ती कबुली त्या एका खटल्यात थांबत नाही. कोर्टासमोर दिलेली कबुली ही नोंद आहे. दुसऱ्या खटल्यात सरकारी वकील ती पुढे करू शकतो. तिथे सगळा वाद कशावर असणार? आधी कोणी कोणाचा हात धरला, ढकललं की नुसतं सोडवून घेतलं, कोपर कशावर घासलं. हे सांगणारे दोघेच असतील, एक गणवेशातला पोलीस आणि दुसरा ‘मी प्यायलो होतो’ असं कोर्टाला स्वतः सांगून आलेला मुलगा, तर मॅजिस्ट्रेट कोणाच्या आठवणीवर भरवसा ठेवेल?

आता घातक सल्ला. ‘शुद्धीवर नव्हतो’ हा बचाव आपल्या कायद्यात आहे, पण तो ज्याला नकळत किंवा त्याच्या मर्जीविरुद्ध पाजलं गेलं त्याच्यासाठी. भारतीय न्याय संहितेची कलमं २३ आणि २४ हेच सांगतात. जुन्या दंड संहितेत ती ८५ आणि ८६ होती. आपण होऊन प्यायलेल्या माणसाने नशेचं कारण पुढे केलं तर सुटका होत नाही, उलट दारूच्या खटल्यातला पुरावा तो आपणच पुरवतो. मी कितीतरी आईवडिलांना हे सांगितलं आहे. त्यांना वाटतं, पोर शुद्धीवर नव्हतं म्हटलं की जजसाहेबांना दया येईल. दयेचा प्रश्न शिक्षा ठरवताना येतो, गुन्हा ठरवताना नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह: दोन्ही प्रकरणांना एकच वकील द्या आणि दोन्हीकडे एकच हकिकत सांगा, जी घडली ती. एका कोर्टात एक आणि दुसऱ्यात दुसरं असं बोलून गेलेला आरोपी उलटतपासणीत उभा राहू शकत नाही. अशिलाकडून मी पहिल्याच दिवशी त्या रात्रीचं सगळं त्याच्या हाताने, त्याच्या भाषेत लिहून घेतो: किती वाजता, काय आणि किती प्यायला, शेवटचा घोट कधी, काय खाल्लं, नाक्यावर कोण कुठे उभं होतं. वकिलाला दिलेला हा कागद गोपनीय राहतो, त्यामुळे यात लपवायचं काही कारण नाही. आठ दिवसांनी लिहायला बसवलं तर मित्रांनी सांगितलेलंही त्यात मिसळलेलं असतं.

दोन खटल्यांत जड कोणता, हेही ताईंच्या पाहुण्यांना उलटंच वाटत असावं. दारूचा गुन्हा जामीनपात्र आहे. हात टाकल्याचा नाही. न्याय संहितेचं कलम १३२, म्हणजे सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुखापत झाली असेल तर कलम १२१ चं पहिलं पोटकलम लागतं आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. ‘दुखापत’ म्हणायला हाड मोडावं लागत नाही, नुसती वेदना पुरते. खरचटलेलं कोपर त्यात बसतं. एक गोष्ट मात्र धीराची आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप करायची नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अर्नेश कुमारच्या निकालात बजावलं. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस येते. ती आली तर ठरल्या वेळी जायचंच, आणि गेल्याची पोच घ्यायची.

किल्ली काढून घेण्याचा पोलिसाला हक्क होता का, असंही ताईंनी विचारलं आहे. समजा नव्हता. तरी हात धरायचा नाही. न्याय संहितेचं कलम ३७ फार कमी लोकांना माहीत असतं: सरकारी नोकर आपल्या अधिकाराच्या नात्याने, प्रामाणिकपणे काही करत असेल, तर ते कायद्याच्या काट्यावर तंतोतंत उतरत नसलं तरी त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही, जिवाची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असल्याशिवाय. भांडायचं ते दुसऱ्या दिवशी, लेखी तक्रारीने.

तोंडाने मात्र भांडता येतं, आणि याचा दाखला बंगळूरच्या ट्रॅफिक पोलिसांच्याच संदर्भातला आहे. माणिक तनेजा विरुद्ध कर्नाटक राज्य, जानेवारी २०१५. अपघातानंतर ट्रॅफिक ठाण्यात मिळालेल्या वागणुकीबद्दल एका जोडप्याने पोलिसांच्या फेसबुक पानावर कडक शब्दांत लिहिलं, म्हणून त्यांच्यावर जुन्या दंड संहितेचं कलम ३५३ लावलं गेलं, जे आता १३२ आहे. सुप्रीम कोर्टाने तो एफआयआर रद्द केला: हल्ला नाही, बळाचा वापर नाही, मग हे कलम कुठून आलं? आपल्या मुलाचं तसं नाही, त्याने हात धरला आहे. पण हात धरणं किल्लीसाठी होतं की पोलिसाचं काम अडवण्यासाठी, हा मुद्दा खरा आहे आणि तो लढवण्यासारखा आहे.

लढवायचा तर पुरावा हवा, आणि तो नासतो. नाक्याजवळच्या दुकानाचा किंवा कारखान्याच्या फाटकावरचा सीसीटीव्ही काही दिवसांत जुनं पुसून नवं लिहितो. म्हणून चित्रण जपून ठेवावं असा अर्ज ताबडतोब, तपास अधिकाऱ्याला आणि कोर्टालाही. मित्राने मोबाइलवर काही टिपलं असेल तर ते कापायचं नाही, व्हॉट्सॲपवर फिरवायचं नाही. मूळ फोन बाजूला ठेवायचा. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र त्याच फोनवरून द्यावं लागतं.

आता माझ्या आवडीच्या कागदाकडे येतो, तो म्हणजे यंत्रातून निघालेली चिठ्ठी. ४८ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण चिठ्ठीवरची वेळ कोणी वाचत नाही. यंत्राचा क्रमांक काय, फुंकण्याआधी यंत्राने रिकाम्या हवेचं वाचन शून्य दाखवलं का, शेवटच्या घोटानंतर किती वेळाने फुंकलं? नुकतंच प्यायलेल्याच्या तोंडात राहिलेली दारू आकडा फुगवते, म्हणून पंधरा मिनिटं थांबायची पद्धत आहे. यंत्र मोजतं श्वास आणि सांगतं रक्त. मधलं गणित ठरावीक गुणोत्तराचं आहे, आणि माणसं सगळी सारखी नसतात. अटक केली असेल तर कायदा आणखी दोन गोष्टी देतो: ठाण्यात पुन्हा फुंकण्याची संधी, आणि दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी. ती झाली नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे सोडावं लागतं. नुसत्या वासावर आणि झोकांड्यांवर भागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने बच्चूभाई करयानीच्या निकालात १९७१ मध्येच सांगितलं आहे. पण कोणी म्हणेल फुंकायचंच नाही, तर तेही नको: सबळ कारणाशिवाय दिलेला नकार त्याच कायद्याच्या कलम २०५ खाली आरोपीच्या विरुद्ध धरता येतो.

रक्त घेतलं असेल तर बाटलीचा प्रवास तपासायचा. कातडी स्पिरिटने पुसली का, बाटलीत सोडियम फ्लोराइड होतं का, सील कोणी केलं, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ती कोणाच्या ताब्यात होती? वांद्र्याच्या २००२ च्या अपघातात सलमान खानला सत्र न्यायालयाने पाच वर्षं दिली आणि मुंबई हायकोर्टाने डिसेंबर २०१५ मध्ये सोडलं, त्यात रक्ताच्या नमुन्याबद्दलची शंका हा एक मोठा भाग होता. पुण्याच्या कल्याणीनगर प्रकरणात, मे २०२४ मध्ये, नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. दोन तरुण जीव गेले होते तिथे. बचावाचा वकील म्हणून मी हे दोन्ही दाखले शेजारी मांडतो, कारण फरक सगळ्यांना दिसला पाहिजे. कागदातली उणीव कोर्टासमोर दाखवणं हे माझं काम आहे. कागद किंवा रक्त बदलणं हा नवा गुन्हा आहे, आणि तसं सुचवणाऱ्याच्या ऑफिसात पुन्हा जाऊ नका.

त्याच कारणासाठी: फिर्यादी पोलिसाच्या घरी जाऊ नका, पाकीट तर मुळीच नेऊ नका; लाच देणाराही आरोपी होतो. माफीनामा देऊन हे मिटत नाही, कारण १३२ आणि १२१ आपसांत मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाहीत. रद्द करायचं तर हायकोर्टात जावं लागतं. आणि इकडे ठाण्यातला कागद कन्नडात असतो. पंचनाम्याला इथे महजर म्हणतात. कन्नड वाचता येत नसेल तर वाचून, समजावून घेतल्याशिवाय कशावरही सही नको, आणि एफआयआरची प्रत मागून घ्या.

मग दारूचा गुन्हा लढवायचा की कबूल करायचा? माझं मत स्पष्ट आहे. चिठ्ठी नीट, वेळ नीट, यंत्राचे कागद नीट असतील तर मी त्याला कबूल करायलाच सांगेन. तो प्यायला होता, गाडी चालवत होता, होसूर रोडवर रात्री ट्रकांच्या रांगा असतात. त्याचं नशीब म्हणून कोपर खरचटण्यावर भागलं. आता तर मेट्रो बोम्मसंद्र्यापर्यंत आली आहे. पण ही कबुली पहिल्या तारखेला नको. आधी मारहाणीच्या खटल्याचं दोषारोपपत्र हातात येऊ द्या, त्यातले जबाब आणि डॉक्टरचा दाखला वाचू द्या, मग दोन्हींचा क्रम ठरवू. पहिल्या तारखेला वकिलाने एवढंच म्हणायचं: वकीलपत्र दाखल करतो, कागदांच्या प्रती मिळाव्यात, मुदत मिळावी.

नोकरीबद्दल: कंपनीच्या नियमांत काय लिहिलं आहे ते बघून, विचारलं तर खरं सांगा. पासपोर्ट काढायचा असेल तर खटला चालू असताना कोर्टाची परवानगी घ्यावी लागेल, हे आत्ताच धरून चाला.

ताई, नोटीस, चिठ्ठी आणि एफआयआर या तिन्हींच्या प्रती पाठवा. आणि घरच्या जमिनीचा सातबाराही काढून ठेवा. महाराष्ट्रातला शेतकरी कर्नाटकातल्या कोर्टात जामीनदार राहू शकतो का, तिथूनच पुढच्या आठवड्यात सुरुवात करणार आहे.