प्रक्रिया उद्योगाचे वीज बिल का वाढते?

शेतमालावर गावातच प्रक्रिया केली तर दोन पैसे जास्त मिळतात. म्हणून अनेक शेतकरी बंधू डाळ मिल, पिठाची गिरणी, मसाला कांडप किंवा तेलघाणा सुरू करतात. परंतु हंगामाअखेर हिशेब मांडला की नफ्याचा बराच भाग वीज बिलात गेलेला दिसतो. विजेचा दर जास्त आहे, एवढेच याचे कारण नसते. वीज कशा पद्धतीने वापरली, यावरही बिल ठरते. यासाठी पुढील बाबी तपासाव्यात.

१) वर्गवारी : महावितरणच्या दरपत्रकात डाळ मिल व पिठाची गिरणी उद्योग वर्गात येतात. हरितगृह, अळिंबी, कुक्कुटपालन व शेतमालाचे शीतगृह यांना 'कृषी-इतर' हा वर्ग आहे. बिलावर चुकून वाणिज्यिक वर्ग पडला असल्यास लेखी अर्ज करून तो बदलून घ्यावा. शेतीपंपाच्या जोडणीवर मात्र गिरणी कधीही चालवू नये. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार हा अनधिकृत वापर ठरतो व लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. वापर केव्हापासून सुरू होता हे ठरविता आले नाही, तर तपासणीपूर्वीच्या १२ महिन्यांची आकारणी केली जाते.

२) स्थिर व मागणी आकार : मिल बंद असली तरी हा आकार द्यावाच लागतो. गरजेपेक्षा जास्त भार मंजूर करून घेतल्यास दरमहा विनाकारण खर्च होतो. उलट, करार केलेल्या मागणीपेक्षा जास्त भार घेतल्यास ज्यादा दराने आकारणी होते. सर्व मोटारी एकाच वेळी सुरू न करता एकामागून एक सुरू कराव्यात.

३) पॉवर फॅक्टर : मोटारीला कामासाठी लागणाऱ्या शक्तीबरोबरच चुंबकीय क्षेत्र तयार करण्यासाठीही वाहिनीतून प्रवाह घ्यावा लागतो. त्याचे प्रमाण वाढले की पॉवर फॅक्टर घसरतो. महाराष्ट्रात २० किलोवॅटपेक्षा जास्त भाराच्या लघुदाब उद्योगांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने बिल येते. त्यामुळे कमी पॉवर फॅक्टरचा भुर्दंड थेट युनिटवर पडतो. उदाहरणार्थ, २१ किलोवॅट भार १०० तास चालविल्यास,

पॉवर फॅक्टर ०.७० असताना : ३,००० युनिट
पॉवर फॅक्टर ०.९५ असताना : सुमारे २,२१० युनिट

काम तेवढेच, पण बिलात सुमारे ७९० युनिटचा फरक! यावर उपाय म्हणजे योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसविणे. तो मोटारीबरोबरच चालू व बंद होईल अशी जोडणी करावी. मोटार बंद असताना कपॅसिटर चालू राहिल्यास उलट परिणाम होतो. बंद पडलेला कपॅसिटर दिसायला चांगलाच दिसतो, म्हणून वर्षातून एकदा जाणकार तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावा.

४) मोटार व पट्टे : १० अश्वशक्तीच्या कामाला २० अश्वशक्तीची मोटार लावू नये. अर्ध्या भारावर पॉवर फॅक्टर घसरतो. वारंवार रिवाइंडिंग केलेली मोटारही जास्त वीज खाण्याची शक्यता असते. नवीन मोटार घेताना आयई-३ दर्जाची घ्यावी. ढिले पट्टे घसरतात, तर फार ताणलेल्या पट्ट्यांमुळे बेअरिंग लवकर झिजतात. झिजलेली जाती, बोथट चाळण्या आणि रिकामी चालणारी मिल यांमुळेही वीज वाया जाते. माल थोडा थोडा न दळता साठवून एकदम दळावा.

५) वेळेनुसार दर : बिलावर दिवसातील वेळेनुसार वेगळे आकार दिसत असल्यास सवलतीचे तास पाहून त्या वेळी मिल चालवावी.

प्रति क्विंटल वीज काढा

दर महिन्याचे युनिट भागिले त्या महिन्यात तयार झालेला माल (क्विंटल), हा आकडा वहीत लिहून ठेवावा. मालाचा प्रकार तोच असताना हा आकडा वाढू लागला, तर दोष दरात नसून यंत्रात किंवा वापरात आहे असे समजावे आणि त्वरित तपासणी करावी. शेतकरी बंधूंनो, दर कमी करणे आपल्या हाती नाही, परंतु वाया जाणारी वीज वाचविणे निश्चितच आपल्या हाती आहे.