काँक्रीटच्या छताचे धिरे

काँक्रीट ओतून पृष्ठभाग घट्ट झाला की छत तयार झाले, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः पहिले काही दिवस ते स्वतःचा भारही सुरक्षितपणे पेलू शकत नाही. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २,४०० किलोग्रॅम भरते. म्हणजे १५ सेंटिमीटर जाडीच्या छताच्या प्रत्येक चौरस मीटरचे वजन सुमारे ३६० किलोग्रॅम झाले. त्यावर काम करणारी माणसे व त्यांची साधने यांचा भार निराळाच. हा सर्व भार साच्याखालील लाकडी वा पोलादी धिरे पेलतात.

बारीक काठी उभी धरून वरून दाबली असता ती मध्यभागी वाकते. उंच, सडपातळ धिराही असाच वाकून मोडतो. त्याची आधाराविना असलेली लांबी दुप्पट झाली, तर त्याची भार पेलण्याची शक्ती चौथाईवर येते. म्हणून धिऱ्यांना मध्यावर दोन्ही दिशांनी आडव्या पट्ट्या जोडाव्यात व तिरकस पट्ट्यांनी सर्व सांगाडा ताठ करावा. धिरा ओळंब्यात असावा व त्याच्या बुडाखाली रुंद, भक्कम फळी असावी. सुट्या विटांच्या चळतीवर तो कदापि उभा करू नये.

धिरे केव्हा काढावेत, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. सिमेंट व पाणी यांच्या रासायनिक संयोगाने काँक्रीटला बळ येते. थंडीत ही क्रिया मंदावते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात २ मार्च १९७३ रोजी स्कायलाइन प्लाझा या बांधकामावर २४ व्या मजल्याचे काँक्रीट ओतले जात होते. त्या वेळी २३ व्या मजल्याच्या कोवळ्या काँक्रीटखालील धिरे अकाली काढण्यात आले. ते काँक्रीट खांबांभोवती फाटले, खालचे मजले एकामागून एक कोसळले आणि १४ कामगार प्राणास मुकले.

भारतीय मानक ४५६ (२०००) यात यासंबंधी मुदती दिल्या आहेत. सामान्य पोर्टलँड सिमेंट वापरले असेल, हवेचे तापमान १५ अंश सेल्सियसखाली गेले नसेल व काँक्रीट योग्य रीतीने ओले ठेवले असेल, तर ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याखालील धिरे निदान ७ दिवस ठेवावेत. त्याहून मोठ्या गाळ्यास १४ दिवस लागतात. वर नवा मजला ओतावयाचा असल्यास त्याचा भार खालच्या मजल्यांवर येतो, म्हणून तेथील धिरे अभियंत्याच्या अनुज्ञेवाचून हलवू नयेत. धिरे काढताना छताच्या मध्यापासून आधारांकडे, आणि सज्जाच्या मोकळ्या टोकापासून भिंतीकडे, क्रमाक्रमाने सैल करीत जावे.