टायर नसलेलं चाक

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. शहापूर तालुक्यातून जाणारा हा रस्ता ताशी १२०च्या मर्यादेत कापायला अडतीस मिनिटं लागतात. १६ नोव्हेंबर २०१९ला दक्षिण आफ्रिकेत ‘ब्लडहाउंड’ ही गाडी ज्या वेगाने धावली, ताशी १,०१० किलोमीटर, त्या वेगाने साडेचार मिनिटं पुरतील! संपादकांना लेख हवा होता या वेगावर. मी अडकलो गाडीच्या चाकात.

इतिहास थोडक्यात. १५ ऑक्टोबर १९९७ला अमेरिकेतल्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीनने ‘थ्रस्ट एसएससी’ ताशी सुमारे १,२२८ किलोमीटरने पळवली. जमिनीवरच्या अधिकृत विक्रमात ध्वनीचा वेग प्रथमच ओलांडला गेला. विक्रमासाठी तासाभरात उलटसुलट दोन धावा करून सरासरी काढतात. ‘थ्रस्ट’ प्रकल्पाचे प्रमुख रिचर्ड नोबल आणि ग्रीन यांनी २००८मध्ये ‘ब्लडहाउंड’ ही नवी गाडी जाहीर केली. लक्ष्य ताशी हजार मैल, इंजिन टायफून लढाऊ विमानाचं.

आता चाक. २०१७मध्ये न्यूकी विमानतळावर ताशी ३३८ किलोमीटरची चाचणी झाली, तेव्हा जुन्या लाइटनिंग विमानाचे टायर चालले. वाळवंटातल्या वेगाला रबर टिकणारच नाही. म्हणून ९० सेंटिमीटर व्यासाचं, अॅल्युमिनियम मिश्रधातूचं भरीव चाक घडवलं. मुरबाडकडच्या बैलगाडीच्या लाकडी चाकाला निदान लोखंडी धाव असते, इथे तीही नाही. हजार मैलांच्या वेगाला ते सेकंदाला सुमारे १५८ फेरे घेणार, आणि कडेवरचा एक ग्रॅम धातू सुमारे पंचेचाळीस किलोच्या ओढीने बाहेर निसटू पाहणार. असं चाक घडवणाऱ्यांपुढे मला इंजिनवाले फिके वाटतात.

पण असल्या चाकाखाली खडा आला तर? धावेसाठी निवडलेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या हॅक्सकीन पॅन या कोरड्या तळ्यावर स्थानिक मिएर समाजाच्या ३१७ जणांनी हातांनी १६,५०० टन दगड वेचले. उन्हातान्हात वाकून केलेलं हे काम, आपल्याकडे रोजगार हमीवर होतं तसलंच. गौरव मात्र चालकाच्या वाट्याला जातो.

एवढं करून घोडं अडलं पैशांवर. ऑक्टोबर २०१८मध्ये अडीच कोटी पौंड उभे राहिले नाहीत आणि कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. डिसेंबरमध्ये उद्योजक इयन वॉरहर्स्ट यांनी ती विकत घेतली, म्हणून २०१९ची धाव तरी झाली, तीही एकट्या जेट इंजिनावर. हजार मैलांसाठी लागणारं रॉकेट गाडीला कधी बसलंच नाही. पुढे कोविड आला, प्रायोजक मिळेनात. २०२१मध्ये वॉरहर्स्ट यांनी गाडी विक्रीला काढली आणि ती कॉव्हेंट्रीच्या वाहन संग्रहालयात गेली. २०२३मध्ये ग्रीननेही नव्या चालकासाठी जागा सोडली. अट एवढीच, की येणाऱ्याने पैसे घेऊन यावं.

१९९७चा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.