घसरलेली किंमत, न घसरणारी बिलं

२०११ साली ब्रिटनमध्ये साधारण १ लाख ७० हजार पौंड खर्च करायची ऐपत असलेल्या माणसापुढे दोन गाड्या होत्या. एक फेरारीची ४५८ इटालिया. दुसरी मॅक्लारेनची एमपी४-१२सी, जिचं नाव पुढे नुसतं १२सी उरलं. कागदावर मॅक्लारेन सरस होती. तिचा सांगाडा कार्बन फायबरचा, इंजिनाला दोन टर्बो, ताकद ६०० अश्वशक्ती. फेरारीची ताकद ५७०, आणि शून्यावरून शंभरचा वेग गाठायलाही तिला मॅक्लारेनपेक्षा किंचित जास्त वेळ लागायचा. आज याच दोन गाड्या जुन्या बाजारात शोधल्या तर मॅक्लारेन मूळ किमतीच्या निम्म्याच्या आसपास मिळते आणि फेरारीसाठी त्याहून कितीतरी जास्त मोजावे लागतात. वय सारखं, वर्ग सारखा, किलोमीटरही थोडेच आणि जवळपास सारखे, तरी घसारा इतका वेगळा. याचा अर्थ या वर्गातल्या गाडीचा घसारा म्हणजे पत्र्याची आणि पिस्टनची झीज नव्हे. किंमत किती उतरली हे विक्रेता आनंदानं सांगतो. ती का उतरली हे आपल्यालाच शोधावं लागतं, आणि जुनी सुपरकार घेण्यात शहाणपण आहे की नाही हे या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

मॅक्लारेनची किंमत कशी उतरली ते पाहण्यासारखं आहे. कंपनीनं बाजारात आल्या आल्या गाडी सुधारण्याचा सपाटा लावला. ताकद ६२५ वर नेली आणि आधीच्या मालकांनाही ती वाढ फुकट दिली. हा उमदेपणाच होता, पण पहिली गाडी अपुरी होती असाही त्याचा अर्थ लोकांनी काढला. २०१४ मध्ये ६५०एस आली, १२सी बंद झाली. २०१७ मध्ये ७२०एस आली. २०१८ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की २०२५ पर्यंत अठरा नवी मॉडेलं किंवा त्यांच्या आवृत्त्या काढू. नव्या गाड्यांचा असा लोंढा दिसत असेल तर जुनीला जास्त पैसे कोण देईल? फेरारी त्या काळात जगभरात वर्षाला सात हजारांच्या आसपास गाड्या विकत होती आणि मागणीपेक्षा पुरवठा थोडा कमी ठेवण्याचं तिचं धोरण जुनंच आहे. त्यात ४५८ला नशिबाचीही साथ मिळाली. २०१५ मध्ये तिच्या जागी आलेल्या ४८८ला टर्बो लागले, आणि टर्बोशिवाय नऊ हजार आरपीएमपर्यंत ओरडणारं व्ही८ इंजिन मधोमध बसवलेली फेरारी ४५८बरोबर संपली. जी वस्तू पुन्हा बनणार नाही, तिची किंमत एका पातळीखाली जायला तयार होत नाही. तिच्या आधीच्या एफ४३०चंही तसंच. हातानं गिअर टाकण्याची सोय असलेल्या एफ४३० थोड्या विकल्या गेल्या, कारण तेव्हा ग्राहकांना स्टिअरिंगमागच्या पात्यांचं नवल होतं. ४५८मध्ये ती सोय उरलीच नाही, आणि आता हातगिअरची एफ४३० तिच्या स्वयंचलित बहिणीपेक्षा बरीच महाग विकली जाते.

यावर कुणी म्हणेल की मॅक्लारेन बिघडायची म्हणून पडली, फेरारी चांगली बनवलेली होती म्हणून टिकली. पहिलं विधान अर्धं खरं आहे, सुरुवातीच्या १२सी त्रासदायक होत्याच. पण ४५८ही निर्दोष नव्हती. चाकांवरच्या आच्छादनात वापरलेला चिकटपदार्थ तापून पेट घेऊ शकतो, म्हणून २०१० मध्ये फेरारीला १,२४८ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पुढे गिअरबॉक्सच्या सेन्सरच्या तक्रारीही आल्या. फरक पडला तो बिघाडाच्या भीतीत. फेरारीनं २०११ च्या सुमारास सात वर्षांची नियमित देखभाल गाडीच्या किमतीतच द्यायला सुरुवात केली, आणि ही सोय दुसऱ्या-तिसऱ्या मालकालाही मिळत राहिली. पुढचं बिल किती येईल हे माहीत असलं की माणूस गाडीला जास्त पैसे देतो. माहीत नसलं की भीतीची रक्कम आधीच किमतीतून कापून घेतो.

ही भीती निराधार नाही, आणि जुनी सुपरकार घेणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. गाडीची किंमत निम्मी झाली म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत निम्मी होत नाही. सिरॅमिक ब्रेकच्या चकत्या, क्लच, सस्पेन्शनचे भाग, कार्बन फायबरचा बंपर हे सगळं नव्या गाडीच्या भावानंच येतं, आणि आपल्याकडे त्यावर आयातीचा खर्च चढतो. फेरारी एफ३५५चा टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. पुढच्या ३६०मध्ये तो सीटमागच्या झाकणातून बदलता येऊ लागला आणि एफ४३०मध्ये बेल्टच्या जागी साखळी आली. एवढ्या एका तांत्रिक बदलानं या तीन गाड्या बाळगण्याचा खर्च वेगळा होतो. हायब्रिड सुपरकारांमध्ये हाच प्रश्न बॅटरीच्या रूपानं उभा आहे. तो इतका खरा आहे की २०२४ साली खुद्द फेरारीनं जादा पैसे घेऊन, ठरावीक वर्षांनी बॅटरीच बदलून देणारी वॉरंटी आणली. म्हणून स्वस्त झालेली गाडी घेताना आजची किंमत बाजूला ठेवून एक हिशेब करावा: हीच गाडी नवी घेणाऱ्याला जो वार्षिक खर्च झेपला असता, तो मला झेपतो का? झेपत नसेल तर घसाऱ्यानं दिलेली सवलत वर्कशॉपमध्ये परत जाते.

इथे गुंतवणुकीचा मुद्दा हमखास निघतो. मॅक्लारेन एफ१ नव्वदच्या दशकात ५ लाख ४० हजार पौंडांना मिळायची आणि २०२१ मध्ये तिची एक प्रत लिलावात दोन कोटी डॉलरांवर गेली, हे उदाहरण प्रत्येकाच्या ओठावर असतं. ते खरं आहे. पण त्या गाड्या सगळ्या मिळून १०६ बनल्या. त्याच काळातली जॅग्वार एक्सजे२२० मात्र कुणी आठवत नाही. १९८८ च्या बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात ती बारा सिलिंडरांचं इंजिन आणि चारही चाकांना ताकद असलेली म्हणून दाखवली गेली आणि लोकांनी प्रत्येकी ५० हजार पौंड भरून नोंदणी केली. १९९२ मध्ये गाडी आली ती सहा सिलिंडरांची, फक्त मागची चाकं चालवणारी आणि ४ लाख ७० हजारांची. मधल्या काळात मंदी आली होती आणि गाड्यांमधली सट्टेबाजी कोसळली होती. नोंदणी केलेले ग्राहक सुटका करून घ्यायला धडपडू लागले, प्रकरण कोर्टकज्ज्यापर्यंत गेलं, आणि साडेतीनशेचा बेत असताना गाड्या तीनशेच्या आतच बनल्या. आज एक्सजे२२० आपल्या जुन्या आकड्याच्या आसपास पोचली असली तरी पौंडाची किंमत दरम्यान निम्म्यावर आली आहे. दुर्मीळ, वेगवान, देखणी, सगळं असूनही. किंमत वाढण्याच्या आशेवर सुपरकार घेणारा माणूस गाडी घेत नाही, लोकांच्या भावी मूडवर पैज लावतो. तशी पैज खुशाल लावावी, पण तिला घसाऱ्याचा हिशेब म्हणू नये.

आता आपल्याकडची गोष्ट, जी पाश्चात्त्य बाजारापेक्षा पार वेगळी आहे. सचिन तेंडुलकरनं ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्यावर त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. तिच्यावरची आयातशुल्क-माफी २००३ मध्ये वादात सापडली आणि शेवटी सुमारे १ कोटी १३ लाखांचं शुल्क फियाट कंपनीनं भरलं. भेट मिळालेल्या गाडीवरचा कर गाडीपेक्षा मोठा, हे तेव्हा सगळ्या देशानं पाहिलं. आजही चित्र फारसं बदललेलं नाही. ४० हजार डॉलरांवरच्या, पूर्ण तयार आयात होणाऱ्या गाडीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानं मूळ सीमाशुल्क ७० टक्क्यांवर आणलं, पण त्यावर ४० टक्के कृषी उपकर बसवला. बेरीज पूर्वीसारखीच ११०. म्हणजे बंदरात उतरताना १ कोटीची असलेली गाडी शुल्कानंतर २ कोटी १० लाखांची होते आणि सप्टेंबर २०२५ पासूनच्या ४० टक्के जीएसटीनंतर २ कोटी ९४ लाखांची. विक्रेत्याचा नफा आणि रस्ता कर याहून वेगळे. महाराष्ट्रात रस्ता कराची कमाल मर्यादा २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाखांवर गेली आहे.

त्यामुळे भारतातली जुनी सुपरकार घेताना आपण गाडी थोडी आणि कधीकाळी भरलेला कर जास्त विकत घेत असतो. तो कर किमतीत टिकून राहतो, कारण बाहेरून स्वस्तात जुनी गाडी आणायची वाट जवळपास बंद आहे. तीन वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि तिच्यावरचं शुल्क नव्या गाडीपेक्षाही जड. पहिल्या मालकाचा कर या भिंतीच्या आड सुरक्षित राहतो. पण भिंत सरकारची आहे. २४ जुलै २०२५ ला झालेल्या भारत-ब्रिटन करारात तिथे बनलेल्या गाड्यांवरचं शुल्क ठरावीक कोट्यापुरतं टप्प्याटप्प्यानं १० टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलं. मॅक्लारेन, अॅस्टन मार्टिन, बेंटली ब्रिटनच्याच. वरच्याच उदाहरणात शुल्क १० टक्के धरलं तर २ कोटी ९४ लाखांची गाडी १ कोटी ५४ लाखांवर येते. तीच गाडी जुनी म्हणून दोन कोटींना घेतलेल्याचं काय होईल? कोटा छोटा आहे, टप्पे लांबचे आहेत, कंपन्या सगळी सवलत ग्राहकाला देणार नाहीत, हे आक्षेप बरोबर आहेत. पण जुना बाजार शुल्क उतरण्याची वाट पाहत नाही, उतरेल या अंदाजावरच भाव पाडतो. शिवाय ब्रिटिश गाडी स्वस्त झाली की शेजारी उभी इटालियन गाडीही आपला भाव राखू शकत नाही. यावर एक साधी कसोटी वापरता येते. आपण बघतोय तीच गाडी, त्याच वर्षाची, ब्रिटनच्या जुन्या बाजारात किती रुपयांना पडते ते काढा. भारतात मागितलेल्या किमतीतून ती रक्कम वजा केली की उरतो तो कराचा भाग, आणि तो एका अधिसूचनेनं विरघळू शकतो. हा भाग एकूण किमतीच्या जितका जास्त, तितका पुढचा घसारा आपल्या हाताबाहेरचा.

व्यवसाय करणाऱ्यांचा आक्षेप असा असतो की गाडी कंपनीच्या नावावर नवीच घ्यावी, घसारा आयकरात मिळतो. मिळतो, शिल्लक मूल्यावर वर्षाला १५ टक्के. चार कोटींच्या गाडीवर पहिल्या वर्षी ६० लाखांची वजावट, म्हणजे ३० टक्के दरानं १८ लाखांचा कर वाचला. पण नवी गाडी शोरूमबाहेर पडल्यावर बाजारात याहून जास्त गमावू शकते, खासगी वापराच्या हिश्श्यावर कर अधिकारी बोट ठेवू शकतात, आणि विकताना आलेली रक्कम हिशेबातल्या शिल्लक मूल्यातून वजा होत असल्यानं किंमत चांगली आली तर वाचलेला कर बराचसा परत जातो. भरीला महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला रस्ता कराचा दर वैयक्तिक गाडीपेक्षा चढा. विमा कंपनीचा घसाराही वेगळाच चालतो. तिच्या तक्त्यात पाच वर्षांत गाडीचं मूल्य निम्मं होतं, बाजारात ती तशी उतरलेली असो वा नसो. पाच वर्षांपुढे मूल्य परस्परसंमतीनं ठरतं, तेव्हा ते भांडून ठरवावं.

कमी किलोमीटरची गाडी उत्तम, ही समजूतही तपासून घ्यावी. दहा वर्षांत चार हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही कडक झालेले असतात, सील सुकलेले असतात, आणि त्या काळातल्या फेरारींच्या आतल्या बटणांचा मुलामा दमट हवेत चिकट होतो. मुंबईत तर तो लवकरच होणार. उलट दरवर्षी थोडी तरी चाललेली, वेळेवर तेल बदललेली गाडी जास्त विश्वासाची. क्लच किती उरला आहे, इंजिन कधी मर्यादेबाहेर फिरलं आहे का, हे अधिकृत वर्कशॉपचं यंत्र सांगतं. पावसाळ्यात पाणी गेलेलं असेल तर ते मात्र यंत्र सांगेलच असं नाही, गालिचे उचलून पाहावं लागतं.

मग घ्यावी की नाही? समजा तीन कोटींची जुनी गाडी वर्षाला आठ टक्के उतरली: २४ लाख. तेच तीन कोटी सात टक्क्यांनी ठेवले असते तर व्याज २१ लाख. विमा, देखभाल, टायर मिळून १० लाख धरू. वर्षाला अडीच हजार किलोमीटर चालवली तर किलोमीटरला २,२०० रुपये पडले. किंमत एक रुपयानंही उतरली नाही तरी ३१ लाख जातातच. हा खर्च मौजेवरचा म्हणून ज्याला मान्य आहे, त्याच्यासाठी जुनी सुपरकार नवीपेक्षा निश्चित शहाणपणाची, कारण सगळ्यात उभा उतार दुसऱ्या कुणीतरी पैसे भरून पार केलेला असतो. त्यातही ज्या गाडीची किंमत नव्या मॉडेलांच्या लोंढ्यामुळे उतरली आहे ती घ्यावी, दुरुस्तीच्या भीतीनं उतरली आहे ती टाळावी. आणि कागदांमुळे स्वस्त असलेल्या गाडीच्या जवळही जाऊ नये. सप्टेंबर २०२५ मध्ये कस्टम्सनं केरळात 'ऑपरेशन नुमखोर' ही मोहीम काढून भूतानमार्गे आणलेल्या महागड्या गाड्या जप्त केल्या, आणि जप्त झालेल्या गाडीचा घसारा शंभर टक्के असतो. तेव्हा मूळ आयातीची बिल ऑफ एंट्री आणि अधिकृत वर्कशॉपचा ताजा अहवाल हातात पडल्याशिवाय बयाणा देऊ नका.