डाव्या हाताला काम काय?

युवक महोत्सवाचा निकाल दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतो. सुगम गायनात पहिलं कोण आलं, ढाल कुणाकडे गेली, हे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चारही जिल्ह्यांत कळतं. साथीदाराचं नाव त्या बातमीत नसतं. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या विद्यापीठ परिसरात आणि आजूबाजूच्या तालमींत बरीच वर्षं पेटीमागे बसल्यावर मला निकालापेक्षा मंचामागच्या हकिकतीच जास्त आठवतात. गाणं का रंगलं किंवा का पडलं, हे बहुतेक वेळा तिथेच ठरलेलं असतं.

पहिली तणातणी पट्टीची. महिनाभर काळी चारमध्ये तालीम केलेली मुलगी थंडीतल्या सकाळी विंगेत उभी राहून म्हणते, “दादा, आज काळी तीन घेऊ ना.” स्केल चेंजर पेटी असेल तर पट्ट्यांची चौकट सरकवायची, की झालं. कीबोर्डवर त्याहून सोपं, एक बटण दाबायचं. एका वर्षी हेच बटण नडलं. आधीच्या संघाने सूर दोन पट्ट्या वर चढवून ठेवलेला, साथीदाराने काळी चार समजून सुरावट सुरू केली आणि प्रत्यक्षात वाजली काळी पाच. ध्रुवपद निभावलं. अंतऱ्यात तार षड्जाच्या वर जायची वेळ आली तेव्हा मुलीच्या मानेची शीर ताणलेली मला विंगेतून दिसली. साथीदारालाही ती दिसली असावी. त्याने उजवा हात विरळ केला, वरचा स्वर वाजवलाच नाही, फक्त खालचा आधार धरून ठेवला. मुलीने ती ओळ वळवून खाली आणली. तो वरचा स्वर कीबोर्डमधून ऐकू आला असता तर ती त्याच्या मागे धावली असती आणि आवाज फाटला असता. परीक्षकाने शेऱ्यात लिहिलं, “अंतऱ्याची मांडणी वेगळी आणि संयत.”

कंधारकडच्या एका मुलाची गोष्ट तर माझ्या शिकवण्याचा पाया झाली आहे. गावच्या भजनी मंडळात लहानपणापासून पेटी वाजवलेली, कान पक्का. महोत्सवात पाश्चात्त्य एकल गायनाचाही प्रकार असतो आणि त्याला साथीदार मिळता मिळत नाहीत. त्या वर्षी एका मुलीने जॅझमधलं जुनं संथ गाणं निवडलं आणि याला कीबोर्डवर बसवलं. उजवा हात लगेच चालला. डावा हात मात्र पुन्हा पुन्हा बाजूला जाऊन हवेतच भाता मारायला लागला. तबलेवाल्याला हसू आवरेना. मुलगा कळवळून म्हणाला, “डाव्या हाताला कामच न्हाई की वो सर.”

प्रश्न अगदी खरा होता. पेटीवाल्याचा डावा हात श्वास घेतो, तर पियानोवाल्याचा डावा हात सुरांची जमीन तयार करतो. पेटीची साथ गायकाच्या स्वरांमागून केसभर अंतराने चालते. जॅझ पियानोची साथ गायकाच्या सुरावटीच्या वाटेला जातच नाही. ती खालून स्वरसंघ, म्हणजे कॉर्ड, देते आणि गायक थांबला की त्या मोकळ्या जागेत दोन शब्द बोलते. आपल्याकडच्या मुलाला हे एकदम उलटं वाटतं. त्याला सगळे स्वरसंघ पाठ करायला लावले तर तो आठवड्यात पळून जाईल. म्हणून त्याला दोनच स्वर दिले. प्रत्येक स्वरसंघातला तिसरा आणि सातवा स्वर डाव्या हातात धरायचा, बाकी सगळं सोडायचं. जॅझमध्ये पावलोपावली येणारी तीन स्वरसंघांची एक साखळी आहे. ऋषभावरचा, पंचमावरचा आणि मग षड्जावरचा संघ. आपल्या सरगमीत त्यांचे हे दोन स्वर मांडले तर आधी म आणि वरचा सा, मग म आणि नी, शेवटी ग आणि नी. दर वेळी एकच बोट हलतं आणि तेही शेजारच्या पट्टीवर. सा खाली उतरून नी होतो, मग म उतरून ग होतो. मुलाने ते वाजवलं, थांबला, परत वाजवलं. मूळ स्वर वाजतच नाही, तरी कानाला कळतं की आपण घरी आलो.

पण खरी गंमत पुढे झाली. तालमीत ते दोन स्वर तो ठोक मात्रेवर देईना. गायिकेचा श्वास संपत आला की त्याचा हात दाबला जायचा, ती श्वास घ्यायची तेव्हा सुटायचा. कधी मात्रेच्या आधी, कधी नंतर. ताल धरून बसलेल्या एका जाणत्याने त्याला दोनदा टोकलं. मग आम्ही जुन्या ध्वनिमुद्रिका लावल्या आणि सगळेच गप्प झालो, कारण त्यांतले पियानोवादक नेमकं तेच करत होते. भजनात बुवांच्या दमाकडे बघून भाता मारायची सवय त्या मुलाने इथे जशीच्या तशी आणली होती. ज्या हाताला काम नाही म्हणून तो रडकुंडीला आला होता, तोच हात सगळ्यात आधी तयार निघाला.

आपल्या कानांना हे सगळं अगदीच नवं असतं, असंही नाही. मूळच्या गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन वर्षानुवर्षं केलं. गायकाच्या ओळीमागे दुसरीच ओळ चालवायची, दोन ओळींच्या मधली जागा वाद्यांनी बोलकी करायची, हे मराठवाड्यातल्या माणसाने विविध भारतीवर आयुष्यभर ऐकलेलं आहे. फक्त ते कुणी केलं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

गायक आणि पेटीवाला यांच्यात चुरस लागली की पडद्यामागचं वातावरण तापतं. एका तयार हाताच्या वादकाला भरणा करायची भारी हौस होती. गायिका श्वासाला थांबली की हा तान टाकून टाळी घ्यायचा. हळूहळू तिने जागा सोडणंच बंद केलं. दोघं मिळून श्रोत्यांना दम घेऊ देईनात. शेवटी कार्यक्रमाच्या आधी तिने ध्वनिव्यवस्था बघणाऱ्याला गुपचूप सांगितलं, “पेटीचा माईक बंदच ठेवा.” त्याने ठेवला. पेटी तरीही तशीच ऐकू येत राहिली, कारण ती गायिकेच्याच माईकमधून जात होती. मग तिने आपला माईक दूर सरकवला, आणि पेटीबरोबर तिचा आवाजही लहान झाला. अशा जोड्यांना मी १९५० सालची एक ध्वनिमुद्रिका ऐकवतो. जॅझ गायिका एला फिट्झगेराल्ड संगीतकार गर्शविनची गाणी गाते आहे आणि साथीला एकटा एलिस लार्किन्सचा पियानो. ना ढोल, ना बास. लार्किन्सजवळ वाजवण्यासारखं भरपूर होतं, हे त्याच्या दोन-तीन स्वरांतच कळतं. तो ते वाजवत नाही आणि त्यामुळे एलाच्या आवाजाला सगळं घर मोकळं मिळतं.

एलाचीच बर्लिनची गोष्ट जॅझ ऐकणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. फेब्रुवारी १९६० मध्ये भर मैफलीत ती ‘मॅक द नाइफ’चे शब्द विसरली आणि तिथल्या तिथे नवे जुळवत गेली. कौतुक तिचं झालं, आणि ते योग्यच होतं. मी मात्र ते ऐकताना पियानोवादक पॉल स्मिथ आणि त्याच्या साथीदारांकडे कान लावतो. शब्द गेले तरी मागची चाल जराही ढळत नाही. कुणी दचकत नाही, कुणी मदतीला म्हणून जोरात वाजवत नाही. पायाखालची फळी जागेवर आहे, या भरवशावर ती खेळू शकली. विष्णुपुरीच्या तालमीत मी हे मुद्दाम करून घेतो. गाणाऱ्याला मध्येच चुकायला सांगायचं आणि साथीदाराने चेहरासुद्धा हलवायचा नाही. बर्लिनच्या त्या फसलेल्या गाण्याला पुढे ग्रॅमी मिळालं.

साथीदाराच्या वाट्याला अन्यायही मोठा आलेला आहे. आकाशवाणीवर १ मार्च १९४० पासून पेटीला बंदी झाली, ती उठायला सुरुवात झाली १९७१ मध्ये. पेटीच्या ठरावीक स्वरांत श्रुती सापडत नाहीत, मींड निघत नाही, हा आक्षेप होता. आक्षेपात तथ्य आहे. दरबारीचा आंदोलित गंधार पेटीच्या कुठल्याच पट्टीवर नाही. पण जाणता पेटीवाला तिथे गंधार वाजवतच नाही. तो ऋषभाशी थांबतो आणि गंधार गायकावर सोडतो. आपल्या जालना जिल्ह्यातले पेटीवादक अप्पा जळगावकर १९२२ चे. बंदी आली तेव्हा ऐन तारुण्यात, उठू लागली तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर. वादकाच्या उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली. त्याच काळात मैफलींत भीमसेन जोशींसारख्या गायकांना साथ करून त्यांनी पेटीचा जो दर्जा सिद्ध केला, त्यासाठी पुढे त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. रेडिओला चालत नव्हतं ते वाद्य गायकांना मात्र लागतच होतं.

आता सगळ्यात अवघड प्रकार. दुसऱ्याची साथ जमली तरी स्वतःची जमेलच असं नाही. स्वतः गाणारा वादक आपल्या गळ्याला नकळत बोटांच्या मागे नेतो. हाताला सोपी तीच हरकत गळ्यातून निघते, आणि पट्टीवर नसलेला स्वर गाण्यातूनही नाहीसा होतो. यासाठी मी मुलांना नांदेड शहरात हुजूर साहिब गुरुद्वारात कीर्तन ऐकायला पाठवतो. तिथली रागी, म्हणजे कीर्तन करणारी मंडळी स्वतः गातात आणि स्वतःच पेटी वाजवतात. दोन पेट्या, एक तबला. नजर बोटांकडे नसते. ओळ आधी गळ्यातून येते, हात तिच्या मागून येतो. घरी आल्यावर अभ्यास एवढाच: ओळ गायची, हात मांडीवर, ओळ संपली की तीच वाजवायची, मग हळूहळू दोहोंतलं अंतर कमी करत आणायचं, पण पूर्ण मिटवायचं नाही.

जॅझ गायक नॅट किंग कोलबद्दल सांगतात की तो नुसता पियानोवादक होता आणि बारमधल्या एका दारुड्या गिऱ्हाइकाने हट्ट धरला म्हणून गायला लागला. ही गोष्ट जगभर पसरली. पुढे नॅटनेच सांगितलं की तसं काही नेमकं घडलं नव्हतं, पण ऐकायला बरं वाटतं म्हणून आपण खोडत नाही. वादनात जरा बदल म्हणून तो आधीपासून अधूनमधून गातच होता. स्वतः पियानो वाजवत गाणाऱ्या जॅझ गायिका शर्ली हॉर्नचं याच्या उलट झालं. १९६३ च्या सुमारास तिला नुसतं उभं राहून गायला लावलं आणि पियानोवर दुसऱ्यांना बसवलं. तिला ते मानवलं नाही. तिची लय इतकी विलंबित, की पुढचा शब्द कधी येणार हे दुसऱ्याला कळणं कठीण. थांबणारा गळा आणि वाट बघणारा हात एकाच माणसाचे असले तरच ते गाणं उभं राहायचं.

अशाच एका मुलीचं शेवटी सांगतो. आमच्याकडे तालीम केलेली, एका स्पर्धेत सुगम गायनाला उतरली. स्वतःच गाणार, स्वतःच कीबोर्ड वाजवणार. चाल तिचीच, डाव्या हातात तेच दोन-दोन स्वर. दुसऱ्या कडव्यात वीज गेली. कीबोर्ड मुका, माईक मुका. ती गात राहिली. शेजारी पुढच्या संघाची पेटी मांडून ठेवलेली होती, ती तिने ओढून घेतली, डावा हात भात्यावर टाकला आणि ज्या स्वरावर होती तिथूनच पुढचं कडवं उचललं. डाव्या हातातले दोन स्वर आता उजव्या हाताच्या खालच्या बोटांत आले होते. गाणं संपलं तसा दुसऱ्या संघाचा व्यवस्थापक नियमपुस्तिका घेऊन परीक्षकांकडे धावला. साथीदार जास्तीत जास्त दोन असा नियम, आणि वाद्य दुसऱ्या संघाचं, म्हणजे तिसऱ्याची मदत घेतली, असा त्याचा दावा. बराच काथ्याकूट झाला. शेवटी सगळ्यात वडीलधाऱ्या परीक्षकांनी पुस्तिका मिटवून त्याच्या हातात दिली आणि विचारलं, “अहो, तिचे साथीदार किती होते ते मोजा बघू आधी.”