चालू आहे, पण ऐकत नाही

आपल्यापैकी बरेच जण लहानमोठे व्यवसाय चालवतात. दुकान असो, दवाखाना असो वा हिशेबनिसाची कचेरी, कुठल्यातरी कोपऱ्यात एक सर्व्हर घरघरत असतो आणि सारा कारभार त्याच्यावर बेतलेला असतो. मग एके सकाळी बाकीच्या संगणकांवर ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ अशी पाटी झळकते. सर्व्हरपाशी जाऊन पाहावे, तर स्वारी ठणठणीत! अशा वेळी नेमके काय बिघडलेले असते, आणि ते कोणत्या क्रमाने शोधावे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

सर्व्हर म्हणजे एक भलेमोठे पोस्ट ऑफिस आहे अशी कल्पना करा. इमारतीचा पत्ता म्हणजे आयपी पत्ता. आत ओळीने खिडक्या आहेत आणि त्यांना ६५,५३५ पर्यंत क्रमांक दिलेले आहेत. या खिडक्यांनाच पोर्ट म्हणतात. वेबची खिडकी ८०, सुरक्षित वेबची ४४३, पत्रांच्या देवघेवीची २५. एखादा प्रोग्राम सेवा देऊ इच्छित असेल तर त्याने आधी एका खिडकीवर आपला हक्क नोंदवायचा आणि मग तिच्यामागे कान देऊन बसायचे. १९८३ साली आलेल्या बर्कली युनिक्सच्या ४.२ आवृत्तीत या दोन पायऱ्यांना ‘बाइंड’ आणि ‘लिसन’ अशी नावे होती, ती आजतागायत टिकली आहेत. म्हणूनच आम्ही मंडळी ‘सेवा ऐकते आहे’ किंवा ‘ऐकत नाही’ असे म्हणतो.

येथे एक गोष्ट मनावर ठसवून घ्यायला हवी. कारकून कामावर हजर असणे वेगळे आणि खिडकीत बसलेला असणे वेगळे. विंडोजच्या यादीत सेवेपुढे ‘रनिंग’ असे लिहिलेले दिसले, म्हणजे कारकून इमारतीत आहे एवढेच कळते. तो मागच्या खोलीत बसलेला असू शकतो. त्याच्या खिडकीवर दुसराच कोणी आधी येऊन बसलेला असू शकतो, कारण एका पत्त्यावरच्या एका खिडकीत सहसा एकालाच जागा मिळते. किंवा तो १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकत असेल. ही खिडकी इमारतीच्या आतल्या बाजूला उघडते. आतल्यांना ती दिसते, रस्त्यावरच्यांना नाही.

बाहेरून येणारी उत्तरेही दोन तऱ्हेची असतात, आणि त्यांतला फरक मोलाचा आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे उत्तर ताबडतोब आले, तर निरोप पोहोचला आणि कोणीतरी म्हणाले, “या खिडकीत कोणी बसत नाही.” म्हणजे रस्ता मोकळा आहे, पत्त्यावर यंत्र आहे, फक्त ऐकणारा नाही. उलट बराच वेळ वाट पाहून ‘टाइम आउट’ झाले, तर निरोप वाटेतच कोणीतरी गिळला आहे. बहुधा तो फायरवॉल नावाचा दरवान असतो, किंवा यंत्रच बंद असते. मात्र विंडोजचा दरवान जागेवर असला की तो रिकाम्या खिडकीचा नकारही बाहेर जाऊ देत नाही. म्हणून बाहेर शांतता असली, तरी आत जाऊन खिडकी पाहिल्यावाचून निदान करू नये.

माझ्या परिचयाच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे हेच घडले. नवा सर्व्हर आणला, त्यावर एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती बसवली. बिले करण्याचा प्रोग्राम सर्व्हरवर उत्तम चाले, पण इतर चार संगणकांवर मुळीच नाही. बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाने फायरवॉल सरसकट बंद केली. उपयोग शून्य. मी गेलो तेव्हा माल खोळंबला होता, गुदामावर ट्रक उभे होते आणि दरवान रजेवर होता. शेजारच्या संगणकावरून नकार मात्र तत्काळ येत होता. तो नकारच सांगत होता की दोष दरवानाचा नाही.

सर्व्हरवर ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा दिली. कोणत्या खिडकीत कोणता प्रोग्राम बसला आहे, हे ती सांगते (लिनक्सवर हेच काम ‘एसएस’ करते). यादीत एसक्यूएल सर्व्हरची एकही ओळ नव्हती. एक्सप्रेस आवृत्तीत टीसीपीने ऐकण्याची सोय सुरुवातीला बंदच असते. मग सर्व्हरवरच प्रोग्राम कसा चालत होता? एकाच यंत्रावरचे प्रोग्राम सामायिक मेमरीतून परस्पर बोलतात, त्यांना खिडकी लागतच नाही. ‘इथे तर चालते’ हा पुरावा म्हणूनच फसवा ठरला. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी सुरू केले, १४३३ हा ठरावीक क्रमांक दिला, सेवा थांबवून पुन्हा चालू केली (त्याशिवाय बदल लागू होत नाही) आणि तो क्रमांक चारही संगणकांना कळवला. मग दरवानाला परत उभे केले आणि फक्त त्या चौघांना १४३३ वर सोडण्यास सांगितले. बिले निघू लागली.

दरवानाविषयी मी इतका आग्रही का, असे कोणी विचारील. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाचा किडा एसक्यूएल सर्व्हरच्या १४३४ या यूडीपी खिडकीतून शिरला आणि दहा मिनिटांच्या आत बहुतेक सर्व असुरक्षित यंत्रे त्याने ग्रासली. अशी यंत्रे ७५,००० हून अधिक होती. दुरुस्ती सहा महिने आधीपासून उपलब्ध होती, पण अनेकांनी ती लावली नव्हती. २०१७ च्या सुरुवातीला मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस पुसून मालकांकडे खंडणी मागण्यात आली. ते साऱ्या जगाचे ऐकत बसले होते आणि पासवर्ड विचारत नव्हते. न ऐकणाऱ्या सेवेने एक दिवस बुडतो. वाटेल त्याचे ऐकणाऱ्या सेवेने धंदा बुडू शकतो.

तेव्हा क्रम आतून बाहेर असा ठेवावा. सेवा चालू आहे का? ती कोणत्या पत्त्यावर, कोणत्या खिडकीत बसली आहे? नसेल तर तिच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, काय तक्रार आहे? ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ असे दिसले, तर जागा कोणी अडवली? सर्व्हरवरून त्याच खिडकीवर टकटक केली तर दार उघडते का? मग शेजारच्या यंत्रावरून? दरवानाची पाळी सर्वांत शेवटी. त्यालाही ‘सगळ्यांना सोड’ असे न सांगता ‘अमक्याला, अमक्या खिडकीवर सोड’ असेच सांगावे. आणि कोणती खिडकी कोणासाठी उघडली, हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावे. पुढच्या वेळी येणारा तंत्रज्ञ दुवा देईल.