राजुऱ्याच्या रानांतील पक्षी आणि आपली शेती

पक्षी पाहण्यासाठीं मुद्दाम रानांत जाणें हा शहरांतील सुखवस्तु मंडळींचा छंद आहे, कष्टाळू शेतकऱ्यास त्याचें काय, असें आमच्या पुष्कळ बंधूंस वाटतें. ताडोबाच्या फाटकावर सकाळीं लागलेली मोटारींची रांग पाहिली म्हणजे कोणाचाही तसा ग्रह व्हावा. परंतु जाणत्या वाटाड्याबरोबर रानाच्या कडेनें दोन प्रहर हिंडलें असतां जें कांहीं ध्यानांत येतें, तें निम्म्याहून अधिक शेतीचेंच ज्ञान असतें, असा आमचा अनुभव आहे. आणि ज्यांचें शिवार रानाला लागून आहे त्यांनीं तरी तें फुकट दवडूं नये, म्हणून हा लेख.

राजुरा तालुका वर्धा नदीच्या पलीकडे, बल्लारपुराच्या समोरच्या अंगास आहे. पूर्वी तो निजामाच्या मुलखांत, आदिलाबाद जिल्ह्यांत मोडे. १९५९ सालीं तो चांदा जिल्ह्यास जोडला गेला. डॉ. सालिम अली यांनीं १९३१-३२ सालीं हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची जी प्रसिद्ध पाहणी केली, त्या वेळीं हा भाग त्याच संस्थानांत होता. येथील रान सह्याद्रीच्या घाटांतील अथवा केरळांतील सदाहरित अरण्यासारखें नव्हे. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, पळस आणि बांबू यांचें हें पानगळीचें रान आहे. सदाहरित अरण्यांत पक्षी विपुल खरे, पण पानांच्या दाट छताआड ते दिसत नाहींत. आवाजावरून तर्क करीत बसावें लागतें. आमच्याकडे माघ-फाल्गुनांत पानें झडून गेलीं कीं झाडावरील घरटें, ढोली व पाखरूं सर्व उघडें पडतें. नवशिक्यास पक्षी ओळखावयास शिकण्यास याहून सोयीची शाळा नाहीं.

आम्ही ज्या वाटाड्याबरोबर हिंडलों तो शाळेंत फारसा गेलेला नव्हता, पण कान मोठा तयार. वाळलेल्या सागाच्या पानांवर पाऊल पडलें कीं पापड मोडल्यासारखा आवाज होतो, म्हणून तो चालवीत थोडें व उभें फार करीत असे. पहिला अर्धा तास त्यानें आम्हांस रानांत नेलेंच नाहीं; कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्यांच्या कडेस थांबविलें. तेथें तारेवर नीलकंठ बसला होता. दसऱ्यास ज्याचें दर्शन आपण शुभ मानतों तो हाच. पुस्तकांत यास नीलपंख म्हणतात. तो दर दोन-तीन मिनिटांनीं जमिनीवर उतरे, नाकतोडा किंवा भुंगेरा उचली आणि परत जागेवर येऊन बसे. पलीकडे बाभळीवर कोतवाल हेंच काम हवेंतल्या हवेंत करीत होता. वाटाड्या म्हणाला, “मालक, हे दोघे तुमचे बिनपगारी गडी.” त्यास बसावयास उंच जागा मात्र पाहिजे. बांधावरील झाड तोडलें कीं हा गडी दुसऱ्याच्या शेतीं जातो.

रानांत शिरल्यावर त्यानें खालून सागाचें एक पान उचललें. शिरा तेवढ्या शिल्लक, मधला हिरवा भाग सारा खाल्लेला, जाळीदार कापडासारखें. पावसाळ्याच्या उत्तरार्धांत सागावर अळी पडते, तिचें हें काम. अशा वेळीं रानांतील लहान पक्षी टोळ्याटोळ्यांनीं सागावर उतरतात. अळी साफ नाहींशी होते असें नाहीं. तसें कोणी सांगूं लागल्यास विश्वास ठेवूं नये. पण तिला आळा बसतो, व शेतांतही पक्ष्यांकडून एवढीच अपेक्षा करणें रास्त आहे.

पुढें एका वठलेल्या ऐनाच्या खोडांत चार-पांच भोकें होतीं. सुतार व तांबट हे पक्षी स्वतः लाकूड कोरून घर करितात. त्यांनीं सोडलेल्या ढोलींत मग पिंगळा, पोपट, दयाळ हे येऊन राहतात. वठलेलें झाड म्हणजे सरपण, एवढेंच आपण जाणतों. वाटाड्याच्या लेखीं ती भाड्यानें दिलेली चाळ होती. त्याहून मोठी ढोली राखी धनेशाची. मादी आंत शिरून आपली विष्ठा व माती यांनीं दार लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि नर कित्येक आठवडे वड-उंबराचीं फळें आणून तिला व पिलांना भरवितो. या काळांत नर मारला गेला तर सबंध कुटुंब संकटांत पडतें. धनेश व हरियल (हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी) यांच्या पोटांतून वड, पिंपळ, उंबर यांचें बीं दूरवर पडतें. विहिरीच्या भिंतींत उगवलेला पिंपळ कोणी लावलेला नसतो.

सर्वच पाखरें आपल्या हिताचीं असतात असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. आंब्यावर जें बांडगूळ वाढतें त्याचा प्रसार फुलटोचा नांवाचा अंगठ्याएवढा पक्षी करितो. बांडगुळाचें फळ खाल्ल्यावर त्याचें चिकट बीं तो फांदीवर पुसून टाकतो, तें तेथेंच रुजतें. ज्वारी, मका व सूर्यफूल यांवर पोपट काय करितात हें सांगणें नको. पुसा येथील संशोधक मेसन व लेफ्रॉय यांनीं १९१२ सालीं हिंदुस्थानांतील पक्ष्यांच्या आहारावर मोठा निबंध प्रसिद्ध केला, त्यांत पक्ष्यांचीं पोटें तपासून कोणता काय खातो याची नोंद केली होती. हीच रीत खरी. पोटांत काय आहे तें पाहावें व मग मित्र कीं शत्रु तें ठरवावें. घुबडाच्या बाबतींत तर पोट फाडण्याचीही गरज नाहीं. पडक्या वाड्यांत कोठींघुबड राहत असेल तेथें खालीं करड्या रंगाच्या गोळ्या पडलेल्या असतात. न पचलेले केस व हाडें तें तोंडावाटे टाकून देतें. एखादी गोळी पाण्यांत भिजवून काडीनें उकलावी. आंत उंदरांच्या कवट्या सांपडतात. ज्या पक्ष्यास आपण अशुभ म्हणून दगड मारतों तो रात्रभर आपलें धान्य राखतो.

पावशाविषयींही वाटाड्यानें एक गोष्ट सांगितली. ‘पेरते व्हा’ असें ओरडणारा हा पक्षी आणि मृगाच्या सुमारास येणारा चातक, दोघेही स्वतः घरटें बांधीत नाहींत. सातभाईंच्या घरट्यांत अंडीं घालितात. सातभाई राहतात काटेरी कुंपणांत व झुडपांत. बांध साफ करून तारेचें कुंपण घातलें कीं सातभाई जातात, आणि त्यांच्या मागोमाग पावशाही जातो. आमच्या कित्येक शिवारांत त्याची हाक कमी झाली, तिचें एक कारण आकाशांत नसून आपल्याच बांधावर असावें.

हें सर्व ऐकून शेतांत काय करावयाचें? कृषि विद्यापीठें हरभऱ्यावरील घाटेअळीसाठीं शेतांत पक्षी-थांबे उभे करावयास सांगतात, तें याच ज्ञानावर उभारलेलें आहे. इंग्रजी टी-च्या आकाराची काठी पिकाहून हात-दीड हात उंच पुरावी. एकरी आठ-दहा पुरेत. हरभरा पेरतांना मूठभर ज्वारी मिसळली तर तिचीं ताटें वाढून आपोआप थांबे होतात. यास खर्च नाहीं. औषध मारण्याचे दोन हात जरी यानें वांचले तरी लाभ मोठा आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले, हें आपण विसरलेलों नाहीं.

आतां गिधाडांची हकीकत, कारण तिचा संबंध थेट आपल्या गोठ्याशीं आहे. पूर्वीं गांवाबाहेर ढोर टाकलें कीं तासाभरांत गिधाडें गोळा होत व दुसऱ्या दिवशीं हाडें उरत. १९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें देशांतून शेंकडा नव्याण्णवांहून अधिक नाहींशीं झालीं. कोणी रोग म्हटलें, कोणी उपासमार. २००४ सालीं कारण उघडकीस आलें: डायक्लोफिनॅक. ताप व सूज उतरावी म्हणून आजारी जनावरास हें औषध टोंचलें जाई. तें जनावर मेल्यावर त्याचें मांस खाल्लेल्या गिधाडाचें मूत्रपिंड निकामी होऊन तें थोड्याच दिवसांत मरे. २००६ सालीं जनावरांसाठीं हें औषध बंद करण्यांत आलें. परंतु माणसांसाठीं असलेल्या मोठ्या कुप्या गोठ्यांत वापरल्या जात, म्हणून २०१५ सालीं तीन मिलिलिटरहून मोठी कुपी करण्यास मनाई झाली. २०२३ सालीं असिक्लोफिनॅक व कीटोप्रोफेन हींही जनावरांसाठीं बंद झालीं. मेलॉक्झिकॅम हें औषध गिधाडांस बाधत नाहीं व गुरांस गुणकारी आहे. तेव्हां डॉक्टर सुई भरूं लागले कीं औषधाचें नांव विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं.

गडचिरोलीच्या रानांत गिधाडें टिकून राहावींत म्हणून वनखात्यानें मेलेलीं जनावरें ठेवण्याच्या जागा नेमून दिल्या. जानेवारी २०२४ मध्यें हरयाणांतील पिंजोर येथें वाढविलेलीं दहा पांढऱ्या पाठीचीं गिधाडें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी व वनखातें यांनीं ताडोबांत आणलीं, आणि कांहीं महिने पिंजऱ्यांत ठेवून मोकळीं सोडलीं. त्यांतील कांहीं पुढें मेलीं. एवढा खटाटोप करूनही यश हातीं येणें किती अवघड आहे, आणि एक कुपी गोठ्यांत न आणणें त्या मानानें किती सोपें!

फेरीची व्यवस्था कशी करावी याविषयीं दोन शब्द. राजुऱ्याच्या रानांत एकट्यानें जाऊं नये. या तालुक्यांत एकाच वाघानें आठ माणसें मारलीं होतीं व तो ऑक्टोबर २०२० मध्यें पकडला गेला, ही गोष्ट ताजीच आहे. मोह वेंचतांना किंवा तेंदूपान तोडतांना वांकलेला माणूस वाघास जनावरासारखा दिसतो. म्हणून वनखात्याची परवानगी घ्यावी, उजाडल्यावर निघावें व रानाची वाट वाटाड्यावर सोपवावी. ताडोबा पाहावयाचा असल्यास तेथें प्रत्येक गाडीबरोबर जवळपासच्या गांवचा वाटाड्या घ्यावाच लागतो. पावसाळ्यांत, जुलै ते सप्टेंबर, गाभ्याचा भाग बंद असतो. मात्र त्यास आधींच सांगावें कीं आम्हांस वाघ नको, पक्षी दाखीव. नाहीं तर सारी सकाळ वाघाच्या मागें धुरळा खाण्यांत जाते.

सहा-सात जणांहून अधिक मंडळी घेऊं नये. भडक कपडे टाळावे. घरट्याजवळ जाऊं नये व पक्ष्यांस बोलावण्यासाठीं यंत्रावर त्यांचे आवाज वाजवूं नयेत. विणीच्या दिवसांत नर फसून भांडावयास येतो व पिलें उपाशी राहतात. वाटाड्यास दिवसाची पुरी मजुरी द्यावी, घासाघीस करूं नये, कारण त्याचीं मुलें कोळशाच्या खाणींत व सिमेंटच्या कारखान्यांत कामास जातात आणि बापाची विद्या त्यांच्याकडे उतरत नाहीं. बरोबर वही असावी. तींत तारीख, झाड आणि पक्षी काय खात होता एवढें लिहावें. मराठी नांव ठाऊक नसल्यास वाटाड्या गोंडी अथवा कोलामींत जें सांगेल तेंच टिपून ठेवावें.